हरिश्चंद्रगडाची ऋतुनिहाय चढाई

हरिश्चंद्रगड हा महाराष्ट्राच्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात असलेला गिरिदुर्ग आहे. तारामती हे त्याचे सर्वोच्च शिखर असून त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,४२९ मीटर आहे. गडावर वर्षभर गिर्यारोहक, भाविक आणि अभ्यासक जातात. गडाच्या वाटा ठरलेल्या असल्या, तरी त्यांची स्थिती ऋतूप्रमाणे पूर्णतः पालटते. हिवाळ्यात सोपी मानली जाणारी वाट श्रावणातल्या धुक्यात जिवावर बेतू शकते, तर पावसाळ्यात ओढ्याचे पात्र असलेली घळ पौषात प्रस्तरारोहकांची आवडती वाट ठरते. म्हणून या गडाच्या कोणत्याही वाटेला सोपी, मध्यम वा कठीण अशी श्रेणी देताना ऋतूचा उल्लेख आवश्यक ठरतो. प्रस्तुत लेखात गडाच्या प्रमुख वाटा आणि निरनिराळ्या ऋतूंत त्यांवर पडणारा फरक यांची माहिती दिली आहे.

भौगोलिक रचना

हरिश्चंद्रगड माळशेज घाटाच्या उत्तरेस, अहिल्यानगर, पुणे आणि ठाणे या तीन जिल्ह्यांच्या सीमा जेथे जवळ येतात त्या भागात वसलेला आहे. सह्याद्रीच्या इतर डोंगरांप्रमाणे तोही दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा खडक तयार झाला. त्यांतील कठीण थरांचे उभे कडे झाले आणि मऊ थर झिजून त्यांचे उतार व पदर बनले. त्यामुळे चढताना कातळाचा टप्पा, मग झाडीचा वा गवताचा पदर, पुन्हा कातळ असा क्रम जवळजवळ सर्व वाटांवर आढळतो.

गडाचा माथा म्हणजे एक विस्तीर्ण, उंचसखल पठार आहे. त्यावर तारामती, रोहिदास आणि बालेकिल्ला ही उंच स्थाने आहेत. पश्चिमेस पठार एकाएकी तुटते आणि प्रसिद्ध कोकणकडा सुरू होतो. हा कडा अर्धवर्तुळाकार असून मध्यभागी आत वळलेला आहे. कड्याचा माथा आणि पायथ्याचे बेलपाडा गाव यांच्या उंचीत सुमारे एक हजार मीटरचा फरक आहे.

अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे या भिंतीवर आदळून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पाडतात. पूर्वेकडे जावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो. गड या पावसाच्या ऐन पट्ट्यात असल्याने त्याच्या वाटांवर ऋतूंचा परिणाम विशेष तीव्रतेने जाणवतो.

चढाईच्या प्रमुख वाटा

पाचनई वाट : अकोले तालुक्यातील पाचनई गावातून निघणारी ही वाट सर्वांत जवळची आहे. कोरड्या हवेत ती दोन ते अडीच तासांत पार होते. वाट काही अंतर पुढे झुकलेल्या प्रचंड कातळाखालून जाते आणि नंतर ओढ्याच्या सोबतीने मंदिराजवळ पोहोचते.

खिरेश्वर–तोलार खिंड वाट : कल्याण–अहिल्यानगर रस्त्यावरील खुबी फाट्यावरून पिंपळगाव जोगे धरणाच्या कडेने खिरेश्वर (तालुका जुन्नर, जिल्हा पुणे) गाठता येते. तेथून जंगलातून तोलार खिंडीत जावे लागते. खिंडीत वाघाचे शिल्प कोरलेला दगड आहे. खिंडीनंतर कातळाचा टप्पा लागतो. तेथे आधारासाठी लोखंडी कठडे बसवले आहेत. पुढे पठारावरील लहानमोठ्या टेकड्या चढत-उतरत मंदिर गाठावे लागते. एकूण चार तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो.

साधले घाट : ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील बेलपाडा येथून वर येणारी ही कोकणातील वाट आहे. चढण दीर्घ असून काही ठिकाणी कातळातील खोबण्यांचा आधार घ्यावा लागतो.

नळीची वाट : हीदेखील बेलपाड्याहून निघते. कोकणकड्याच्या बाजूच्या अरुंद घळीतून, मोठमोठ्या धोंड्यांवरून व कातळटप्प्यांवरून ती माथ्यावर येते. चालण्यापेक्षा हात आणि पाय दोन्ही वापरून चढण्याचेच काम अधिक असते. काही टप्प्यांवर दोर लावणे शहाणपणाचे ठरते. चांगल्या हवेतही पूर्ण दिवस मोजावा लागतो.

यांखेरीज खिरेश्वरहून थेट बालेकिल्ल्याच्या बाजूस जाणारी राजदरवाज्याची वाटही आहे. मात्र ती फारशी मळलेली नसल्याने माहीतगाराशिवाय सापडणे अवघड असते.

उन्हाळा (मार्च ते मे)

उन्हाळ्यात कातळ कोरडा असतो आणि पकड उत्तम मिळते. चढाईतील अडचण कातळाची नसून उन्हाची आणि पाण्याची असते. तोलार खिंडीनंतरच्या पठारावर सावली जवळजवळ नाही. ओढे आटलेले असतात आणि वाटेत पिण्याजोगे पाणी मिळेल असे गृहीत धरता येत नाही. प्रत्येकाने किमान चार ते पाच लिटर पाणी सोबत ठेवावे, असे जाणकार सांगतात.

कोरडे उतारही फसवे असतात. वाळलेले गवत पायाखाली चटईसारखे सरकते आणि सुटलेला मुरूम तीव्र उतारावर गोट्यांप्रमाणे घरंगळतो. चढताना हे फारसे जाणवत नाही. उतरताना मात्र बहुतेक घसरणी अशाच जागी होतात.

नळीची वाट पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळे सकाळी ती कड्याच्या सावलीत असते आणि दुपारनंतर ऊन थेट घळीत शिरते. दोन्ही बाजूंचे कातळ तापले की वारा न लागणाऱ्या त्या जागेची भट्टी होते. उन्हाळ्यात ही वाट करणारे पथक पहाटेपूर्वी बेलपाडा सोडून सूर्य डोक्यावर येण्याआधी अवघड टप्पे ओलांडते.

याच काळात रानात करवंदे व जांभळे पिकतात. हवेत धूसरपणा असल्याने माथ्यावरून दूरची शिखरे सहसा दिसत नाहीत. सुकलेल्या गवतामुळे वणव्याचा धोका असतो. कड्यांवर आग्या मोहोळे असू शकतात. धूर, उग्र सुगंध आणि मोठा आवाज यांमुळे माश्या उठतात, म्हणून त्यांच्या आसपास शांतता पाळणे आवश्यक असते.

वळवाचा पाऊस (मे अखेर ते जूनचा प्रारंभ)

हा काळ थोडा असला, तरी चढाईच्या दृष्टीने तो स्वतंत्र ऋतूच आहे. दुपारी ढग जमून विजांसह पाऊस कोसळतो. उघडे पठार, तारामतीचे शिखर आणि लोखंडी कठड्यांचा कातळटप्पा ही विजेच्या दृष्टीने धोक्याची ठिकाणे आहेत. गडगडाट ऐकू येताच शिखर व कठडे सोडून सखल जागी उतरावे लागते. एकट्या झाडाखाली आसरा घेणे टाळले जाते.

पहिल्या सरींनी कातळावरची महिनोन्‌महिन्यांची धूळ भिजून तिचा पातळ चिखल होतो. भर पावसाळ्यात धुऊन निघालेल्या खडकापेक्षा हा खडक कित्येकदा अधिक निसरडा असतो. या दिवसांत अकोले तालुक्याच्या रानांत रात्री झाडांवर काजवे लुकलुकतात व ते पाहण्यासाठी लोकांची गर्दी होते.

पावसाळा (जून ते सप्टेंबर)

मोसमी पाऊस स्थिरावल्यावर साधारण पंधरवड्यात कातळावर शेवाळ धरते. सपाट खडकापेक्षा कलता खडक, आणि सतत पाणी झिरपणाऱ्या जागा अधिक निसरड्या होतात. कोरड्या दिवसांत पाऊल टाकताना विचारही करावा लागत नाही अशा पायऱ्यांवर बसून, हात टेकून उतरण्याची वेळ येते.

पाचनईची वाट या काळातही सर्वाधिक वापरात असते. परंतु तिच्यावरील ओढे हा मुख्य धोका आहे. माथ्यावर जोराचा पाऊस झाला की ओढा पाहता पाहता फुगतो. खाली पाऊस नसतानाही वरून लोंढा येऊ शकतो. पाणी गढूळ होणे, त्यात काटक्या व पाने वाहून येणे आणि आवाज वाढणे ही त्याची पूर्वसूचना असते. पाणलोटाचे क्षेत्र लहान असल्याने पाऊस थांबल्यावर पाणी जसे चढते तसेच लवकर ओसरते. म्हणून फुगलेला ओढा ओलांडण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा सुरक्षित उंचीवर थांबून राहणे, हाच स्थानिकांचा प्रघात आहे.

खिरेश्वरच्या वाटेवर धोका वेगळा आहे. तोलार खिंडीनंतर पठारावर दाट धुके उतरते आणि दहा पावलांवरचे दिसत नाही. टेकड्या एकमेकींसारख्या दिसतात आणि गुरांच्या पायवाटा मुख्य वाटेला ठिकठिकाणी फाटे फोडतात. वाट चुकलेले लोक भिजलेल्या कपड्यांत, वाऱ्यात तासन्‌तास फिरत राहतात. अशा वेळी हवेचे तापमान फार कमी नसतानाही शरीराची उष्णता झपाट्याने घटते. थरथर, बोलणे अडखळणे आणि सुस्ती ही त्याची लक्षणे आहेत. त्यांकडे ‘दमणूक’ म्हणून दुर्लक्ष केल्यास मृत्यू ओढवू शकतो. कोरडे कपडे, वाऱ्यापासून आडोसा आणि गोड गरम पेय हे प्राथमिक उपाय होत.

नळीची वाट पावसाळ्यात वाट राहत नाही. ती घळ हाच पाण्याचा मार्ग असल्याने तीतून पाणी व दगड खाली येतात आणि बाजूला सरकण्यास जागा नसते. म्हणून या काळात तीवरून चढाई केली जात नाही. साधले घाटातील कातळ व ओढे यांमुळे तीही वाट टाळली जाते. अतिवृष्टीच्या दिवसांत प्रशासन या परिसरातील पर्यटनावर तात्पुरते निर्बंध घालते. निघण्यापूर्वी त्यांची आणि हवामान विभागाच्या इशाऱ्यांची माहिती घ्यावी लागते.

कोकणकड्यावर दरीतून वर येणारा वारा इतका प्रबळ असतो की कड्यावरून पडणारे पाणी उलटे वर उडते. हे पाहण्यासाठी कड्याच्या ओल्या काठाशी उभे राहणे धोक्याचे आहे. काठापासून दूर, पालथे पडून पाहण्याची जुनी पद्धत त्यामुळेच रूढ झाली.

पावसाळ्यानंतर (सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबरचा प्रारंभ)

पाऊस ओसरताच पठार सोनकी, तेरडा यांसारख्या फुलांनी भरून जाते. कारवीचा सामूहिक बहर सुमारे सात ते आठ वर्षांतून एकदा येतो. त्या वर्षी उतार जांभळे दिसतात. हवा स्वच्छ असल्याने दूरवरचे डोंगर स्पष्ट दिसतात.

चढाईच्या दृष्टीने मात्र हा काळ संमिश्र असतो. पठारावरील कातळ वाळलेला असला, तरी सावलीतील घळी व उत्तरेकडील उतार आठवडेच्या आठवडे ओले राहतात. गवत उंच वाढल्याने कमी वापराच्या वाटा झाकल्या जातात, दगडांमधील फटी दिसत नाहीत आणि पायाखालचे साप वेळीच नजरेस पडत नाहीत. पावसाने सैल झालेले धोंडे अद्याप स्थिर झालेले नसतात. या कारणाने नळीच्या वाटेवरची चढाई घळ पुरती वाळल्यावर, म्हणजे नोव्हेंबर उलटल्यावर, सुरू करणे अनेक अनुभवी गिर्यारोहक पसंत करतात. ऑक्टोबरमधील परतीच्या पावसातही विजांचा धोका असतो.

हिवाळा (नोव्हेंबर ते फेब्रुवारी)

कातळाची कोरडी पकड, थंड हवा आणि दूरवरची दृश्यमानता यांमुळे हा चढाईचा सर्वांत अनुकूल ऋतू मानला जातो. तारामतीवरून आजोबा, कुलंग, मदन, अलंग आणि कळसूबाई हे डोंगर ओळखता येतात. नळीची वाट आणि साधले घाट प्रामुख्याने याच काळात केले जातात.

या ऋतूतील मर्यादा दिवसाच्या लांबीची आहे. गड उत्तर अक्षवृत्त १९ अंशांच्या थोडा वर आहे. तेथे जूनअखेरचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरअखेरचा सुमारे अकरा तासांचा असतो. नळीची वाट पूर्ण दिवस घेणारी असल्याने हा सुमारे सव्वादोन तासांचा फरक निर्णायक ठरतो. उशिरा निघालेले किंवा संख्येने मोठे पथक अंधार पडेतो घळीतच अडकू शकते. दोर लावलेल्या प्रत्येक टप्प्यावर एका वेळी एकच व्यक्ती चढत असल्यामुळे पथकातील माणसे वाढली की लागणारा वेळ त्याच प्रमाणात वाढतो. घळीत वरच्या माणसाच्या पायाने सुटलेला दगड थेट खालच्यांवर येतो. म्हणून शिरस्त्राण घालणे, ठरावीक अंतर राखणे आणि दगड सुटताच ओरडून सूचना देणे आवश्यक मानले जाते.

माथ्यावर रात्रीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ शकते. कोकणकड्याजवळ उघड्यावर झोपणाऱ्यांना वाऱ्यामुळे ही थंडी अधिक झोंबते. मंदिराचा परिसर आणि तारामतीच्या पायथ्याची लेणी त्या मानाने आडोशाची आहेत. महाशिवरात्रीला भाविक मोठ्या संख्येने गडावर येतात आणि त्या दिवशी वाटांवर गर्दी असते.

इंद्रवज्र

कोकणकड्यावरून क्वचित दिसणारे इंद्रवज्र हेही विशिष्ट हवामानावर अवलंबून असते. पाहणाऱ्याच्या पाठीशी सूर्य आणि समोर दरीत धुके असल्यास धुक्यावर त्याची सावली पडते व तिच्याभोवती रंगीत वलय उमटते. कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सकाळचे कोवळे ऊन यास अनुकूल असते. केवळ दाट धुके किंवा केवळ ऊन असून भागत नाही; वर उघडीप आणि खाली धुके अशी स्थिती लागते. ब्रिटिश अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांच्या दख्खनच्या हवामानावरील, १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या दृश्याची नोंद आहे.

वाटांची ऋतुनिहाय तुलना

• पाचनई : हिवाळ्यात व पावसाळ्यानंतर सोपी, उन्हाळ्यात सोपी, परंतु पाणी सोबत हवे, पावसाळ्यात मध्यम, ओढे फुगल्यास बंद समजावी.

• खिरेश्वर–तोलार खिंड : हिवाळ्यात मध्यम, उन्हाळ्यात पठारावरील उन्हामुळे दमवणारी, पावसाळ्यात निसरडा कातळटप्पा व धुके यांमुळे कठीण, माहीतगार आवश्यक.

• साधले घाट : हिवाळ्यात कठीण, परंतु अनुभवी पथकास शक्य, उन्हाळ्यात अतिशय दमवणारी, पावसाळ्यात टाळावी.

• नळीची वाट : हिवाळ्यात अतिकठीण, दोर व जाणकार नेता आवश्यक, उन्हाळ्यात अगदी पहाटे निघाल्यासच, पावसाळ्यात वर्ज्य.

ही श्रेणी चढण्याची आहे. उतरताना ओला वा घसाऱ्याचा कोणताही टप्पा एका पायरीने अधिक कठीण धरावा, असा संकेत आहे.

पाणी आणि मुक्काम

हरिश्चंद्रेश्वर मंदिराच्या परिसरात सप्ततीर्थ पुष्करिणी आणि पाण्याची खोदीव टाकी आहेत. जवळच असलेल्या केदारेश्वराच्या गुहेत भव्य शिवलिंगाभोवती कंबरभर पाणी असते. हिवाळ्यात ते बर्फासारखे गार लागते, तर पावसाळ्यात समोरच्या प्रवाहामुळे गुहेपर्यंत जाणेच अवघड होते. साठलेले पाणी उकळून किंवा गाळून प्यावे. चांगदेव महाराजांचे या गडावर वास्तव्य होते आणि त्यांनी ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ येथे रचला, असे मानले जाते.

पायथ्याच्या गावांतील कुटुंबे गडावर व गावात जेवणाची आणि तंबूंची सोय करतात. भर पावसाळ्यात व कडक उन्हाळ्यात माथ्यावरील सोय मर्यादित असू शकते. त्यामुळे आगाऊ चौकशी करणे योग्य ठरते.

स्थानिकांचे ज्ञान

या वाटा गिर्यारोहणाच्या छंदातून जन्मलेल्या नाहीत. घाटमाथा आणि कोकण यांमधील ये-जा, गुरे चारणे, हिरडा व मध गोळा करणे, देवदर्शन अशा कामांसाठी पायथ्याचे लोक त्या पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. कोणता ओढा कोणत्या पावसात अडतो, कोणत्या धोंड्याला हात लावू नये, धुके कोणत्या बाजूने भरते हे त्यांना नित्याच्या वापरातून ठाऊक असते. नकाशा व दिशादर्शक यंत्रे वाटेचा आकार दाखवतात. त्या दिवशीची तिची स्थिती दाखवत नाहीत. गडावर वाट चुकलेल्यांच्या शोधातही गिर्यारोहकांच्या बचाव पथकांबरोबर पायथ्याचे ग्रामस्थच बहुधा आघाडीवर असतात. निघताना गावात आपली वाट, पथकातील माणसांची संख्या आणि परतण्याची वेळ सांगून ठेवल्यास हा शोध वेळेत सुरू होऊ शकतो.

पर्यावरण

गड कळसूबाई–हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्याचा भाग आहे. हे अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. ऋतूप्रमाणे येथील परिसंस्थेवरील ताणही बदलतो. पावसाळ्यात चिखल टाळण्यासाठी लोक मुख्य वाट सोडून कडेने चालतात. त्यामुळे वाट रुंदावते आणि मातीची धूप होते. फुलांच्या काळात छायाचित्रांसाठी सडे तुडवले जातात. उन्हाळ्यात विझवून न टाकलेल्या चुलीने वणवा लागू शकतो आणि कोरड्या घळींत टाकलेला प्लास्टिकचा कचरा पहिल्याच पुरात ओढ्यांमार्गे पायथ्याच्या गावांच्या पाण्यात उतरतो. मळलेल्या वाटेवरूनच चालणे, आग पूर्ण विझवणे आणि कचरा परत नेणे हे नियम म्हणूनच बाराही महिने लागू आहेत.